दिवेलागणीचं मीठ

आमच्या तांबूने हाड खाल्लं, ही गोष्ट मी कदाचित लपवूनही ठेवली असती. पण ती अंगणात हाड चघळत उभी होती, नेमक्या त्याच वेळी शेजारची सुंदरा विरजण मागायला आली. सुंदराने पाहिलेली गोष्ट लपवायची म्हणजे चुलीतला धूर पदराखाली झाकायचा.

"अगं बया! वैनी, तुमची गाय हाड खातीया!" सुंदरा म्हणाली. हे तिने मला सांगितलं असं म्हणायचं; ऐकलं मात्र ओढ्यापलीकडच्या लोकांनी.

सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी पाहिलं, आणि ओटीवर मटकन बसल्या. घरात मरण झालं तरी त्या अशा बसत नाहीत. मग त्यांनी गोमूत्र आणायला सांगितलं. कुणाचं आणू, असं मी विचारलं. "तिचंच आण. दुसऱ्या कुणाचं आणणार?" अशा रीतीने तांबूची शुद्धी तांबूकडूनच झाली. मी सातवी पास आहे, फायनलच्या परीक्षेत मला गणितात बरे गुण होते, पण या शुद्धीत कोण कुणाला शुद्ध करत होतं याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

खरं तर हाड ही शेवटची पायरी होती. त्याआधी तांबूने माझ्या तान्ह्या चिमीची चार दुपटी खाल्ली होती, यांच्या कोटाची एक बाही खाल्ली होती, आणि गोठ्याच्या भिंतीला तिने इतकं चाटलं होतं की तिथे माणूस टेकून बसेल एवढा खळगा पडला होता. हे खोपोलीच्या वीजघरात कारकून आहेत, शनिवारी संध्याकाळी घरी येतात. एका बाहीचा कोट पाहून ते एवढंच म्हणाले, "निदान डावी तरी खायची." उजव्या हाताने त्यांना लिहावं लागतं.

गावाने उपाय सांगितले. सुंदरा म्हणाली, नजर आहे. भिवाजी म्हणाला, शिंगाला काळा दोरा बांधा. आबाजी गावातलं जुनं माणूस, त्यांचा शब्द शेवटचा. ते काठीवर हनुवटी टेकवून बराच वेळ तांबूकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वैनी, ह्यी मागल्या जन्मी वाघीण आसंल." यावर उपाय काय, असं विचारल्यावर म्हणाले, "फुडच्या जन्माची वाट बघायची." नजर काढली. काळा दोराही बांधला. तो तांबूने त्याच दुपारी खाल्ला.

हसण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. चिमी तेव्हा आठ महिन्यांची होती. ती चार महिन्यांची असताना मला विषमज्वर झाला, मी उठले ती कोरडी होऊनच. तेव्हापासून ती तांबूच्या दुधावर होती. म्हशीचं तिला सोसत नसे. आणि तांबू, जी सकाळी दोन शेर देत होती, ती एक शेरावर आली, मग अर्ध्यावर. चिमीच्या मनगटावर एक वळी होती, दोरा बांधल्यासारखी. ती वळी माझ्या डोळ्यांदेखत उतरत चालली होती. मी रोज न्हाऊ घालताना तिथे बोट फिरवून बघत असे आणि कुणाला सांगत नसे.

शेवटी चिमीला काखोटीला मारून मी दोन कोस चालत कर्जतला गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी चिमीकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. "गाय कुठे आहे?"

"घरी आहे. हाड खाते म्हणून तिला गावातून चालवत आणायची सासूबाईंना लाज वाटते."

डॉक्टर हसले नाहीत, म्हणून मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, "आपल्याकडच्या पावसात जमिनीतला क्षार धुऊन जातो. गवताने गाईचं पोट भरतं, हाडं भरत नाहीत. दूध मात्र ती देतच राहते, स्वतःच्या हाडातलं काढून. मग जे कमी पडतं ते ती शोधत फिरते. चिंधीत, भिंतीत, हाडात. ती वाईट चालीची नाही हो, बाई. ती उपाशी आहे."

मी मान खाली घातली. स्वतःच्या हाडातलं काढून ती माझ्या लेकीला पाजत होती, आणि आम्ही तिच्यावर गोमूत्र शिंपडलं होतं.

उपाय सोपा होता. मीठ, चुना, लोह आणि आणखी काही क्षार घालून तांबूस रंगाच्या विटा करतात; वीट गाईपुढे ठेवायची, तिला हवी तेवढी ती चाटते. "हाडांच्या भुकटीचा माल स्वस्त असतो," डॉक्टर म्हणाले, "पण तो तुमच्या वेशीच्या आत येणार नाही. दगडी क्षाराचा मागवा." कर्जतच्या दुकानात अशी एक वीट तिप्पट भावाने मिळत होती, आणि तीसुद्धा ओलसर, कोपरे उडालेली. मुंबईची वखार चांगला माल रास्त भावात रेल्वेने पाठवत असे, पण दोन डझनांच्या खाली नाही.

वीट हवी होती मला एक. म्हणजे आणखी तेवीस गाई शोधणं आलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी सगळ्या बायकांसमोर घागर खाली ठेवली आणि म्हटलं, "आमची गाय चिंध्या खाते." वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. रहाट थांबला. मग भिवाजीची बायको हळूच म्हणाली, "आमचा पाडा चुलीतली राख खातो." दुसरी म्हणाली, "आमच्या म्हशीनं साबण खाल्ला, आक्का." मग तर एकेकीच्या घरातलं झाकलेलं बाहेर पडू लागलं. सगळ्यात शेवटी सुंदरा. "दिवाळीत आमच्या म्हाताऱ्याचं पायताण गेलं ना, ते गायीनं खाल्लेलं. मी गुराख्याच्या पोरावर, गजावर, आळ घातला, त्याला गावभर शिव्या दिल्या. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"आता सांगितलंसच की," मी म्हटलं.

घागरी भरेपर्यंत बावीस घरं जमली. तेविसावी जिजा. ती डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतून मोळी घेऊन येते. तिची एकच गाय, ती माती खात होती. जिजाने आपल्या वाटणीच्या पैशांऐवजी मध आणून दिला, तो सासूबाईंच्या खोकल्याला लागला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण बायकांनी काही ठरवलं हे पुरुषांच्या कानावर गेलं. आबाजी म्हणाले, अशा कामाला मंडळी लागते, मंडळीला अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्ष व्हायला त्यांची ना नाही. मग नाव ठेवण्यासाठी तीन दुपारी बैठक भरली. 'श्री गावदेवी गोधनक्षारप्राशक मंडळी' हे नाव पक्कं झालं, तोपर्यंत तांबूने माझा एक टॉवेल खाल्ला. पत्र मी लिहिलं, पत्ता मी घातला, सहीच्या जागी आबाजींचा अंगठा मीच धरून उठवला. उत्तर आलं ते 'रा. रा. अध्यक्षमहाराज यांस'. आबाजींना वाचता येत नाही, म्हणून तेही मीच वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बराबर लिवलंय. आमी तसंच सांगितलं व्हतं." मी पत्राची घडी घातली. माणसाला आपला मानही गिळता येतो. तांबूला विचारा, काहीही गिळता येतं.

फाल्गुनातल्या एका बुधवारी माल कर्जतच्या मालधक्क्यावर आला. भिवाजीची गाडी, मी आणि चिमी सकाळीच निघालो. मालबाबूंनी पावती वाचली आणि चष्मा वर केला. "मीठ आहे हे. परवाना?"

"गुरांचं मीठ आहे."

"कागदावर मीठ आहे. गुरं कागदावर नाहीत."

स्वातंत्र्य मिळून दीड वर्ष झालं होतं, आणि मिठावरचा कर गेला होता. कर गेला म्हणजे कागद गेला असा माझा भोळा समज होता. मामलेदार कचेरीत मला तीन मेजं फिरवलं. पहिलं मेज माणसांच्या मिठाचं. तिथे म्हणाले, गुरांचं असेल तर दुसरीकडे. दुसऱ्यावर पेंड आणि सरकी येत होती, मीठ येत नव्हतं. तिसऱ्या मेजावरचे भाऊसाहेब औषधं बघत. पोत्यातून पडलेला विटेचा एक कोपरा मी पुराव्यासाठी पदरात बांधून आणला होता. तो त्यांनी उलटसुलट पाहिला.

"हे मनुष्याने खाण्याजोगं नाही, हे सिद्ध करता येईल का?"

"तुम्हीच बघा," मी म्हटलं. मला एवढंच म्हणायचं होतं की डोळ्यांनी बघा.

भाऊसाहेबांनी तो कोपरा जिभेला लावला. सरकारी माणूस कर्तव्याला किती जागतो हे मी त्या दिवशी पाहिलं. त्यांच्या तोंडाचा रंग गेला, मग आला, मग वेगळाच आला. शिपायाने तांब्या दिला. दोन तांबे पाणी प्यायल्यावर त्यांनी शेरा लिहिला, 'मनुष्यास सर्वथा अयोग्य', आणि शिक्का इतक्या जोराने मारला की दप्तराच्या गठ्ठ्यावर झोपलेली चिमी दचकून उठली.

तोवर चार वाजून गेले होते. मालधक्क्यावरून गाडी भरून निघालो. भिवाजीचे बैल स्वभावाने शांत, पोती पाठीमागे असली की समाधी लागलेले. "भिवाजी, जरा हाक ना," मी म्हणत होते.

"हाकतोय की, वैनी. त्यांना पटाया पायजे."

मी सूर्याकडे बघत होते. आमच्याकडे दिवा लागला की मीठ उंबरा ओलांडत नाही. ना बाहेर जात, ना आत येत. दिलं तर लक्ष्मी जाते, घेतलं तर दुसऱ्याची पीडा येते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मागवताना मात्र चोवीस घरांतल्या एकालाही आठवलं नव्हतं की आपण जे मागवतो आहोत ते मीठ आहे. आम्ही त्याला वीट म्हणत होतो ना.

गाडी गावात शिरली आणि तुळशीपुढचे दिवे लागले. बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि टोपल्या पाठीमागे धरल्या.

"आता कसं गं?" सुंदरा म्हणाली.

"माझ्या गाडीत ऱ्हायलं तर ते माझं मीठ झालं," भिवाजी म्हणाला. "मग सकाळी वाटू कसा? माझी लक्ष्मी काय वर पडलीया?"

"आमच्या पडवीत ठेवू," मी म्हटलं.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "उंबऱ्याच्या आत नाही. चाळीस वर्षं या घरात मी दिवेलागणीला मिठाचा खडा हलवू दिलेला नाही."

तेवढ्यात जिजा पुढे झाली. तिला अंधार पडायच्या आत वाडी गाठायची होती. तिने गाडीतली एक वीट उचलली आणि डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवली.

"अगं, सांज झाली ना!" सुंदरा ओरडली.

"तुमच्याकडं झाली," जिजा म्हणाली. "आमच्या घरी रॉकेल नाय. दिवा लावल्याबिगर सांज कशी व्हईल?" आणि ती चालू लागली.

"शास्त्र म्हणजे काय घड्याळ आहे, आपल्याला हवं तेव्हा किल्ली द्यायला?" सासूबाई तिच्या पाठीमागून म्हणाल्या.

अध्यक्षांनी निकाल दिला. गावचं खळं कुणा एकाचं नाही, तिथे पोती उतरावी, वर पेंढा टाकावा, सकाळी वाटप. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे मी कबूल करते. आणि खरं तर तेव्हा भात झोडून महिने झाले होते, शेतं रिकामी होती, आणि अशा दिवसांत आमच्याकडे गुरं रात्रंदिवस मोकळी सोडलेली असतात. हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी मी खळ्यावर गेले तेव्हा पेंढा नव्हता, पोतीही नव्हती. ती खाल्लेली होती. गावातलं झाडून सगळं गोधन गोल करून उभं होतं, पंगतीला बसल्यासारखं, आणि नुसता जिभांचा आवाज येत होता. आमच्या मंडळीच्या गाई होत्या, मंडळीत नसलेल्यांच्या होत्या, शेजारच्या गावचेही दोन बैल होते. नव्हती फक्त एक तांबू. हाडाच्या लाजेपायी सासूबाई तिला महिनाभर दावणीला बांधून ठेवत होत्या.

मग गुरांना तहान लागली. विहिरीवरचा हौद त्यांनी पाहता पाहता कोरडा केला, आणि आम्ही बायका दुपारपर्यंत रहाट ओढत होतो. हात सोलले. भांडणं त्यानंतर. विटा चाटून निरनिराळ्या आकाराच्या झाल्या होत्या. कुणाची पाटीसारखी, कुणाची खोगिरासारखी. "माझ्या वाटणीला येवढीच?" "तुझ्या गायीनं राती जेवून घेतलं की!" "तुझा रेडा कुठं मंडळीत हाय?" मंडळी माझ्या नावाने ओरडत होती, अध्यक्ष पोट दुखतं म्हणून घरी गेले होते. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही सगळ्या आपापली घ्या. उरेल ती माझी."

उरली एक. मोठी होती, चांगली होती. पण चारी बाजूंनी चाटून तिची हुबेहूब पिंड झाली होती. मी वाकणार तोच भिवाजीची आई आली, तिने हात जोडले, भस्म लावलं, आणि बेलाचं पान ठेवलं. झालं. आता ती वीट कुठल्या गाईला चाटायला देणार? लोकांनी ती वाजतगाजत गावदेवीच्या पारावर नेऊन बसवली. मृगात तिचं काय होईल हे मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या अंगात तेवढं बळ नव्हतं.

घरी आले. सासूबाईंनी भांडं पुढे केलं. तांबूने सकाळी वाटीभर दूध दिलं होतं, चिमीने ते संपवून रिकामी वाटी चाटली होती. मी हिशेब केला. आज गुरुवार. उद्या अमावास्या, त्या दिवशी मीठ घरात आणायचं नाही. परवा शनिवार, त्या दिवशीही नाही. आणि कर्जतच्या दुकानातला माल, मी पाहून आले होते, संपलेला.

जिजा मोळी टाकायला आली तेव्हा मी ओटीवर बसून रडत होते. तिने सगळं ऐकलं. पिंडीचं ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली, मग माझ्याकडे बघून थांबली.

"चला वाडीला. माझ्या गायीला अर्धी पुरं."

चिमीला सासूबाईंकडे ठेवून मी निघाले. कुठे जाते ते सांगितलं. त्यांनी एकदा उन्हाकडे पाहिलं. वाडी दीड कोस, सगळा चढ. जिजाने कोयत्याच्या पाठीने वीट दोन ठोक्यांत फोडली. मोठा तुकडा कुठला हे दोघींनाही दिसत होतं. हातावर मीठ दिलं की भांडण होतं, म्हणून तिने तो मोठा तुकडा पळसाच्या पानावर ठेवला आणि पान जमिनीवर ठेवलं. मी उचललं.

"आता पळा," ती म्हणाली. "तुमच्याकडं सांज लवकर व्हती."

उतारावर मी खरंच पळाले. खांद्यावरचा पदर कुठे होता मला माहीत नाही. पोटाशी तो तुकडा धरला होता, चिमीला धरते तसा. पण ऊन डोंगरामागे गेलं, पक्षी गप्प झाले, आणि शेवटच्या वळणावर गाव दिसलं तेव्हा पहिला दिवा लागला. तो आबाजींचा. मग भिवाजीचा. मग सुंदराचा. एकेक दिवा लागत होता आणि माझी चाल मंदावत होती. तीन दिवस. तीन दिवसांत ती वाटी कितपत उरेल, हे मला मोजायचं नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं, की आमच्या घराच्या जागी काळोख आहे.

आमच्या घरचा दिवा गावात पहिला लागतो. सासरे गेले त्या दिवशीही तो वेळेवर लागला होता. माझ्या मनात नाही नाही ते आलं. चिमी! मी उरलेली वाट कशी कापली ते आठवत नाही.

ओटीवर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर चिमी झोपलेली. समोर तुळशीचं निरांजन, त्यात तेल, तेलात वात. हातात काड्यापेटी.

"काय झालं?" मी म्हटलं. "दिवा...?"

"किती गं वेळ लावलास," त्या म्हणाल्या. "वाती वळून वळून बोटं दुखली माझी. पंधरा झाल्या. उद्याच्यासुद्धा झाल्या." मग माझ्याकडे न बघता, "उभी काय राहिलीस? दिवा लावायचाय अजून. आधी गोठ्यात जा."

मी गेले. तांबूपुढे तुकडा ठेवला. तिने तो हुंगला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि जीभ फिरवली. अंधारात तो खरखर आवाज मी किती वेळ ऐकत उभी होते कोण जाणे. मग ओटीवर काडी ओढल्याचा आवाज आला आणि अंगणात उजेड पडला.

कुंपणापलीकडून सुंदराचा आवाज लगेच आला. ती बहुधा मघापासून उभीच असावी. "काकू! आज दिव्याला येवढा उशीर?"

सासूबाईंनी तुळशीला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, पदर सारखा केला. घाई म्हणून नाही.

"उशीर कसला गं?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे सांज आत्ता झाली."